कलम केलं म्हणून झाड लहान राहत नाही



आमच्या शाळेच्या गच्चीवर अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपांमध्ये आंब्याची काही झाडं वाढताहेत. पालकसभेला आलेले पालक ती बघायला वर येतात आणि दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "कलमं आहेत ना? म्हणजे एवढीच राहणार." गेल्या महिन्यात मुलुंडच्याच दुसऱ्या शाळेतल्या एका विज्ञानाच्या बाईंनी फोन करून हेच विचारलं. गॅलरीत बसेल असं आंब्याचं झाड हवं असेल तर कलम आणलं की झालं ना? झालं नाही. कलम म्हणजे नेमकं काय, त्यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे नीट मांडावं म्हणून हा लेख. त्यात आमच्या सोसायटीतल्या एका झाडाची हकीकतही आहे, कारण आमचा हा सगळा खटाटोप त्या झाडापायीच सुरू झाला.

आधी कोकणात जाऊन येऊ. तुमच्यापैकी कुणाचं गाव देवगड-रत्नागिरीकडे असेल तर तुम्ही हापूसची जुनी बाग पाहिलीच असेल. ती सगळी झाडं कलमांचीच असतात. गावात तर बागेतल्या झाडांना 'कलमं' असंच म्हणतात आणि कोयीपासून आपोआप उगवलेल्याला 'रायवळ'. ही कलमं एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर लावायची पद्धत, म्हणजे एका हेक्टरात १०० झाडं. एवढी जागा उगाच सोडत नाहीत. चाळीस-पन्नास वर्षांचं हापूसचं कलम दोन-तीन मजले चढतं. आंबे काढायला वर चढावं लागतं, लांब काठीला जाळी बांधलेला झेला लागतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं तर 'नूतन झेला' नावाचा सुधारित झेला तयार केला. कलम मुळातच बुटकं राहत असतं तर झेल्याची गरज कुणाला पडली असती?

तरीही हा समज पसरला, त्याला कारण आहे. कलमाला फांद्या खालून फुटतात, ते पसरट वाढतं आणि लवकर फळतं. रायवळ आधी सरळ उंच जातो, आठ-दहा वर्षं नुसती पानं दाखवतो आणि मग एखाद्या वर्षी मोहोरतो. कलमाला मात्र दुसऱ्याच वर्षी मोहोर दिसू शकतो. कमरेएवढ्या झाडाला आंबा लागलेला पाहिला की माणसाला वाटतं, हे झाड पूर्ण वाढलं, आता एवढंच राहणार. पण लवकर फळणं वेगळं आणि लहान राहणं वेगळं.

लवकर का फळतं, हा खरा गमतीचा भाग आहे. त्यासाठी कलम कसं बांधतात ते बघावं लागेल.

'कलम' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. त्याचा अर्थ लेखणी. बोरूचं टोक जसं दोन्ही बाजूंनी तासून निमुळतं करतात, तसंच झाडाच्या काडीचं टोक तासायचं असतं. वर्गात मी शाईचा बोरू नेऊन दाखवला तेव्हा मुलांना 'पाचर' म्हणजे काय ते एका क्षणात कळलं. पुढे एकीनं विचारलं की कायद्याचं कलमही तेच का. तोच शब्द. त्या कलमाची गाठ आम्हाला पुढे पडणारच होती.

झाडाचा एक तुकडा दुसऱ्यावर बसवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. त्यात फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष अशा झाडांच्या फांद्या लावण्याबद्दल आणि दुसऱ्या झाडाच्या खोडावर किंवा मुळावर बसवण्याबद्दल सांगितलेलं आहे. आंब्याच्या कलमांना जोर आला तो गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात. हापूसचं नाव आफोन्सो द आल्बुकर्कवरून पडलं असं मानतात. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या पुस्तकात मुंबईच्या त्याच्या आंब्याच्या झाडाचा उल्लेख आहे, वर्षातून दोनदा फळणाऱ्या! मुंबईत आंबा आणि जागा यांचं गणित जमवायला बसलेले आपण काही पहिले नाही. त्याच्याकडे फक्त जागा जास्त होती.

आता आमचं झाड. मी मुलुंड पूर्वेला एका चार मजली जुन्या सोसायटीत राहते. मागच्या बाजूला, पंपाच्या खोलीला लागून, एक आंबा आहे. रायवळ. कुणी लावलेला नाही, कुणीतरी खाऊन फेकलेल्या कोयीतून आलेला. फळ लहान, आमच्याकडे ज्याला बिटकी म्हणतात तसं, चोखून खायचं. साल जाड, रेषा पुष्कळ, पण गोडीच्या मागून एक आंबट झाक येते ती मी दुसऱ्या कुठल्या आंब्यात चाखलेली नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार हे २०२३च्या सुरुवातीला ठरलं आणि नकाशात झाडाच्या जागी गाड्यांचा रॅम्प आला.

रायवळाची एक गोष्ट पालकांनी मुलांना जरूर सांगावी. हापूसची लाखो झाडं आहेत. एक पडलं तर हापूस संपत नाही. पण आमच्या मागच्या अंगणातला आंबा जगात एकच होता. त्याची कोय लावली तर येणारं झाड त्याचं पोर असेल, तो स्वतः नसेल. परागकण कुठल्या झाडाचे आले कोण जाणे. तोच आंबा, तीच आंबट झाक पुढे न्यायची असेल तर त्याची काडी घेऊन कलमच बांधायला हवं.

आमच्या मजल्यावरचे काका सावंतवाडीकडचे. लहानपणी वडिलांबरोबर कलमं बांधलेली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाई, जुलै येऊ दे. आणि पोरांकडून कोयी गोळा करून घ्या, बाजारातून एक रुपयाचं काही आणू नका."

त्यांनी शिकवलं ते कोय कलम. पूर्वी कोकणात भेट कलम करत. त्यात रोपाची कुंडीच मोठ्या झाडाच्या फांदीजवळ टांगून किंवा मांडवावर ठेवून दोघांची भेट घडवायची आणि महिनोन्महिने पाणी घालत राहायचं. कोय कलम त्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत. दापोलीच्या विद्यापीठानं, ज्याची स्थापना १९७२ची, ही पद्धत बसवली आणि कोकणभर पसरवली. आज रोपवाटिकांत मिळणारं हापूसचं कलम बहुतेक वेळा असंच बांधलेलं असतं.

जूनमध्ये मुलांनी खाल्लेल्या रायवळ आंब्यांच्या कोयी आणल्या. कोय फार दिवस टिकत नाही, महिनाभरात तिचा जोम जातो, म्हणून ताजीच हवी. पाण्याच्या बादलीत टाकल्या, तरंगल्या त्या बाजूला काढल्या. बुडालेल्या ओल्या वाळूत ओळीनं मांडल्या. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर आले, तांबूस, लवलवीत पानांचे. हा खुंट. त्याच सुमारास काकांनी झाडावरच्या तीन-चार महिने वयाच्या, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निवडल्या आणि त्यांची पानं झाडावरच छाटून ठेवली, देठ तेवढे राखून. आठ-दहा दिवसांत देठ गळून पडतात आणि शेंड्याचा डोळा फुगतो. काडी आता फुटायच्या तयारीत असते. ही पानं छाटण्याची पायरी पुष्कळ जण गाळतात. गाळू नका.

मग प्रत्यक्ष कलम. पंधरा दिवसांच्या आतला तांबड्या पानांचा कोंब कोयीपासून तीन-चार बोटं वर आडवा कापायचा. मधोमध उभी चीर द्यायची. काडी वीतभर लांबीची, खालचं टोक बोरूसारखं दोन्ही बाजूंनी तासलेलं. ती पाचर चिरेत बसवायची आणि पॉलिथिनच्या पट्टीनं घट्ट गुंडाळायचं. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक हिरवा, ओलसर, केसाएवढा थर असतो. नववीच्या पुस्तकातली 'पार्श्व विभाजी ऊती' ती हीच. दोघांचे हे थर एकमेकांना टेकले तरच नव्या पेशी तयार होऊन जलवाहिन्या-रसवाहिन्या जुळतात. खुंट जाड आणि काडी बारीक असेल तर काडी मधोमध बसवू नका, एका कडेला साल सालीला लावून बसवा. ब्लेड मी माझ्याच हातात ठेवलं, पट्ट्या मुलांनी गुंडाळल्या. आंब्याच्या चिकानं कातडी पोळते, म्हणून आधी सगळ्यांच्या हाताला खोबरेल तेल लावलं होतं.

चोवीस बांधली. तीन-चार आठवड्यांनी नऊ फुटली. काका म्हणाले, "पहिल्या हाताला नऊ म्हणजे पुष्कळ." बाकीच्या पंधरा काळ्या पडलेल्या काड्या मुलांनी फेकू दिल्या नाहीत. पट्ट्या सोडून आत कुठे जुळलं नाही ते बघितलं. माझ्या मते त्या पंधरा काड्यांनी नऊ कलमांपेक्षा जास्त शिकवलं.

आता वयाचा प्रश्न. २०२५च्या जानेवारीत एका कलमाला मोहोर आला. झाड माझ्या कमरेपर्यंतही नव्हतं. जेमतेम दीड वर्षाचं. शेजारच्या कुंडीत त्याच वेळी लावलेलं, कलम न बांधलेलं रायवळ रोप त्याच्याहून उंच होतं, पण त्याला मोहोराचा पत्ता नाही. आठवीतल्या एकानं विचारलं, "बाई, मग या कलमाचं वय किती?"

दीड वर्ष, असं दोघी-तिघी म्हणाल्या. मागून आवाज आला, "मुळाला दीड वर्ष, डोक्याला पन्नास."

मित्रहो, पुस्तकात हे इतक्या थोडक्यात कुठे लिहिलेलं मी वाचलेलं नाही. कोयीतून आलेल्या झाडाला बालपण असतं. तेवढी वर्षं ते फुलूच शकत नाही, खत घाला नाहीतर पाणी. पण काडी घेतली ती आधीच वयात आलेल्या झाडाच्या शेंड्याची. नव्या मुळांवर बसली म्हणून ती पुन्हा बाळ होत नाही. जुन्या झाडावर ती पुढच्या वर्षी फुलली असती, तशीच इथेही फुलायला बघते. कलम लवकर फळतं ते यामुळे.

आणि म्हणूनच पहिली दोन-तीन वर्षं मोहोर खुडावा लागतो. डोकं मोठ्या माणसाचं असलं तरी पाय लहान मुलाचे आहेत, फळांचा भार झेपत नाही, वाढ खुंटते. हे सांगितल्यावर वर्गात रडारड व्हायचीच बाकी होती. शेवटी एका झाडावर एक तुरा ठेवायचा, बाकी खुडायचे, असं ठरलं. त्या तुऱ्याला वाटाण्याएवढ्या सात कैऱ्या धरल्या आणि फेब्रुवारीच्या दमट हवेत भुरी आणि तुडतुड्यांनी त्यातल्या सहा पाडल्या.

मग झाड लहान ठेवायचं कशानं? थंड प्रदेशातल्या सफरचंदाला याचं सोपं उत्तर सापडलेलं आहे. तिथे खुंटच झाडाची उंची ठरवतो. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रानं १९१०च्या दशकात असे खुंट गोळा करून त्यांना क्रमांक दिले. त्यातल्या एम-९ या खुंटावर बांधलेलं सफरचंद अडीच-तीन मीटरवर थांबतं. परदेशातले व्हिडिओ पाहून आपल्याकडे 'कलम म्हणजे बुटकं झाड' हा समज आणखी पक्का झाला असावा, असा माझा अंदाज. आंब्यात असा सगळीकडे वापरला जाणारा खुंट अजून नाही. दक्षिणेतल्या वेल्लईकोलुंबन नावाच्या आंब्याच्या खुंटावर हापूस बुटका राहतो असं प्रयोगांत दिसलं आहे, पण तुमच्या-आमच्या रोपवाटिकेत कलमाचा खुंट विचारलात तर उत्तर एकच, "रायवळ." म्हणजे कुठल्या तरी अनोळखी आंब्याची कोय. लिंबू-संत्र्यात खुंटाचं नाव तरी कळतं, नागपूरकडे जंबेरी किंवा रंगपूर लिंबावर डोळा भरतात. चिकूचं कलम डहाणू-घोलवडकडे खिरणीवर, म्हणजे रायणीवर बांधतात, कारण दोघं एकाच कुळातले. आंब्यावर चिकू मात्र कधीच बसणार नाही, हे मुलांना आधीच सांगून टाका, नाहीतर वर्षभर विचारत राहतील.

खुंट मदत करत नसेल तर वाण निवडा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेला आम्रपाली मुळातच ठेंगणा आहे. अडीच-अडीच मीटरवर लावतात, हेक्टरी १६००. हापूसच्या शंभराशी ताडून बघा. गच्चीसाठी विकत आणायचं असेल तर मी आम्रपाली सांगेन. हापूससारखं फळ हवंच असेल तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं १९८१ साली दिलेला रत्ना बघा, तो नीलम आणि हापूसचा संकर.

आम्हाला वाण निवडायची मोकळीक नव्हती. आमचा वाण ठरलेलाच होता आणि त्याचा बाप चौथ्या मजल्याच्या वर गेलेला. आमच्या हातात राहिली कात्री आणि कुंडी. कलम दोन-अडीच फुटांचं झालं की शेंडा खुडायचा. तीन-चार फांद्या फुटतात, चारी दिशांना जाणाऱ्या तीन ठेवायच्या. त्या हातभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. दोन वर्षांत छत्रीसारखा सांगाडा तयार होतो. पुढे फळ काढलं की लगेच, पावसाच्या तोंडावर छाटणी. आंब्याला मोहोर येतो तो जून झालेल्या फांदीच्या टोकाला. जूनमध्ये छाटलंत तर पावसाळ्यात आलेली पालवी डिसेंबरपर्यंत जून होते आणि मोहोरते. दिवाळीच्या साफसफाईत कात्री चालवलीत तर त्या वर्षीचा मोहोर कापून टाकलात असं समजा. ही छाटणी दरवर्षी, न चुकता. दोन वर्षं सोडली की झाड आपल्या मूळ स्वभावावर जातं.

कुंडी मुळांना अडवते, तेवढं झाडही आवरतं. पण मुळं पिंपाच्या भिंतीला गोल गोल गुंडाळी करून बसतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी झाड बाहेर काढून कडेची मुळं छाटून नवी माती भरावी लागते. साठ लिटरचं ओलं पिंप सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातं. गच्चीवर ते मधोमध ठेवू नका, खाली भिंत किंवा तुळई असेल तिथे ठेवा आणि सोसायटीच्या चिटणिसांना आधी विचारा. माती, कोकोपीट आणि शेणखत सारखं घेतलंत तर वजन उतरतं. पिंपाखाली ताटली ठेवूच नका, साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेची माणसं तपासायला येतात ते बरोबरच आहे. बागायतदार झाड आवरायला 'कल्टार' नावाचं वाढरोधक मुळाशी घालतात. ते मातीत बराच काळ राहतं, मुलांच्या हाताशी असलेल्या कुंडीत मी ते वापरणार नाही.

ऊन मात्र सहा तास तरी पाहिजे. मुंबईतल्या बहुतेक गॅलऱ्यांत ते मिळत नाही आणि तिथे आंब्याचा हट्ट धरू नये. गॅलरीसाठी पेरूचं कलम कितीतरी शहाणं. पेरूला नव्या फुटीवरच फळ येतं, त्यामुळे छाटाल तेवढा फळतो.

आणखी एक. कलमाच्या जोडाखालून कधी फूट आली तर ती तेव्हाच खुडा. ती खुंटाची असते, जोमदार असते, आणि तिला राहू दिलंत तर चार वर्षांनी तुमच्या हापूसचा रायवळ झालेला असतो. आमच्या गच्चीवर हे बघायचं काम सहावीकडे आहे. खालची तांबडी फूट दिसली की ती मुलं "पाहुणा आला" म्हणत ओरडत येतात.

२०२४च्या पावसाळ्यात सोसायटीतल्या झाडावर नोटीस लागली. महाराष्ट्रात नागरी भागातलं झाड तोडायचं तर १९७५च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि लोकांच्या हरकती मागवल्या जातात. अर्जात आमच्या आंब्याचं वय 'अंदाजे ३५ वर्षे' लिहिलं होतं. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं आणि तोडलेल्या झाडाबदली त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असतात. तेव्हा पस्तीस की पन्नास याला फार महत्त्व होतं.

वय कसं काढायचं? वलयं मोजायला झाड कापावं लागतं आणि आपल्या उष्ण हवेत ती तितकी स्पष्टही नसतात. मुलांनी घेर मोजला, दोन मीटर दहा सेंटिमीटर, पण घेरावरून वय हा ढोबळ अंदाज. शेवटी काकांनी एक फोटो काढून दिला. १९७९, त्यांच्या मुलीचं बारसं, मागे खिडकीतून दिसणारा आंबा पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टेकलेला. मुलांनी गच्चीवरच्या रायवळ रोपाची वर्षाची वाढ मोजली, गॅलरीची उंची मोजली, भागाकार केला. कोंब १९७४च्या आसपास फुटला असावा. फोटो आणि हिशोब हरकतीला जोडून दिला. मोजमापाचा इतका खरा धडा मी तरी आजवर घेतला नव्हता.

त्याच सुमारास सोसायटीच्या सभेत समितीतले एक जण हसत म्हणाले, "आता बाईंनी झाडाची नऊ कलमं केलीच आहेत. एकाची नऊ झाली. मग तोडायला हरकत कशाला?" सभेला ते पटलं. टाळ्याही पडल्या. मला त्या टाळ्या लागल्या, कारण बोलणाऱ्यानं कलमाचा बरोबर तोच अर्थ काढला होता जो वरवर पाहता निघतो. मी उभी राहून एवढंच सांगितलं की कलमानं आंब्याची चव राहते. पंपाच्या खोलीवरची सावली, तिसऱ्या मजल्याच्या आजींची दुपार, ढोलीतला तांबट आणि रात्रीची वटवाघळं त्या काडीत येत नाहीत. पन्नास वर्षांचं डोकं असलेलं कमरेएवढं झाड हे एक नवल आहे, पण त्याच्याखाली कुणी बसू शकत नाही. टाळ्या पडल्या नाहीत. काकांनी मात्र सभा संपल्यावर विचारलं, "यंदा काड्या कधी छाटायच्या?"

वर्गात हे सांगितलं तेव्हा तोच आठवीतला मुलगा म्हणाला, "बाई, पण बदली झाडं वयाइतकी लावायची ना? मग आपण कलमं लावली तर एका कलमाची पन्नास धरतील का?" कायद्याच्या कलमात आंब्याचं कलम बसवायचा हा प्रयत्न मला आवडला. उत्तर दिलं नाही, त्यालाच अर्ज लिहायला सांगितला. निबंधाच्या तासाला लिहिला त्यानं. शुद्धलेखन सोडून बाकी उत्तम होता.

झाडाच्या वयाची पुन्हा पाहणी झाली, निर्णय अजून यायचा आहे. आंबा या मोसमातही धरलाय. नऊ कलमांपैकी सात जिवंत आहेत: चार शाळेच्या गच्चीवर, एक काकांच्या मुलीकडे बोरिवलीला, एक घाटकोपरच्या एका पालकांच्या दुकानापुढे आणि एक सावंतवाडीला जमिनीत, काकांच्या जुन्या घरामागे. ते सावंतवाडीचं काका छाटू देत नाहीत. "इथे जागा आहे, जाऊ दे वर," म्हणतात. गच्चीवरच्या तुऱ्याची उरलेली एक कैरी मे महिन्यात पिकली. तिचे चौतीस तुकडे केले. आंबट झाक होती.

येत्या जुलैत पुन्हा बांधणार आहोत. मुलुंड-भांडुपच्या कुणा शिक्षकांना वर्गासाठी काड्या हव्या असतील तर जूनअखेरीपर्यंत कळवा, म्हणजे पानं वेळेत छाटता येतील. कोयी तुमच्या तुम्ही जमवायच्या, रायवळच्याच, आणि मुलांना धुऊन आणायला सांगा. मागच्या वेळी एका पिशवीबरोबर निम्मं वारूळ वर्गात आलं होतं.